जुना छोटा लॅपटॉप : विलंबाचा हिशेब

यंत्र जुने झाले की ते मंद होते आणि मंद झाले की ते टाकून द्यावे, अशी समजूत संगणकाच्या बाबतीत सर्वत्र रूढ आहे. विशेषतः २००७ नंतर बाजारात आलेले सात ते दहा इंची पडद्याचे छोटे लॅपटॉप आज अनेक घरांत कपाटात पडून आहेत. कळ दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत दोन-तीन मिनिटे जातात, हीच त्यांच्याविषयीची मुख्य तक्रार. परंतु हा विलंब म्हणजे एकच दोष नव्हे. तो अनेक लहान विलंबांची बेरीज असतो आणि त्यांपैकी बहुतेक दूर करता येतात.

पाच सेकंदांचा प्रयोग

या संदर्भात २००८ साली झालेला एक प्रयोग उद्‌बोधक आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील पोर्टलँड येथे भरलेल्या लिनक्स तज्ज्ञांच्या परिषदेत इंटेल कंपनीचे अभियंते आर्यन व्हॅन डे व्हेन व औके कॉक यांनी ई-पीसी हा छोटा लॅपटॉप पाच सेकंदांत सुरू करून दाखविला. त्यांनी आधी ध्येय निश्चित केले व मग वेळेची वाटणी केली : कार्यप्रणालीच्या गाभ्यास एक सेकंद, प्राथमिक सेवांना एक, चित्रदर्शन यंत्रणेस एक आणि कामाच्या पडद्यास दोन सेकंद. पडदा दिसला म्हणजे काम संपले, असेही त्यांनी मानले नाही. प्रोसेसर व साठवण या दोहोंची धावपळ थांबेल तेव्हाच यंत्र सुरू झाले, ही त्यांची कसोटी होती.

त्यांनी उपकरणांची तयारी एकामागून एक न करता शक्य तेथे एकाच वेळी करविली. लागणाऱ्या फायली आधीच वाचून ठेवण्याची व्यवस्था केली आणि त्या यंत्रास अनावश्यक असलेल्या सेवा वगळल्या. प्रोसेसर न बदलता हे साध्य झाले, हे विशेष होय.

विलंबाचे मूळ

पुष्कळशा जुन्या लॅपटॉपमध्ये फिरत्या चकतीची हार्ड डिस्क असते. मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेणाऱ्या चकतीला एका फेरीस सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी ती नोंद समोर येण्यास सरासरी साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते. वाचणारी दांडी योग्य जागी सरकण्यास सुमारे १२ मिलिसेकंद धरल्यास एका वाचनास साडेसतरा मिलिसेकंद जातात. विखुरलेली अशी २,००० वाचने करावयाची झाल्यास ३५ सेकंद केवळ वाट पाहण्यात खर्च होतात. या अवधीत प्रोसेसर बराच काळ रिकामाच असतो. यास्तव मंदपणाचा सर्व दोष जुन्या प्रोसेसरवर ढकलणे न्याय्य नाही.

सुधारणेचा क्रम

सर्वप्रथम महत्त्वाची कागदपत्रे व छायाचित्रे यांची प्रत अन्यत्र काढून ठेवावी. जुनी डिस्क केव्हा दगा देईल याचा भरवसा नसतो. त्यानंतर घड्याळ लावून कंपनीचे चिन्ह दिसेपर्यंतचा, कामाचा पडदा येईपर्यंतचा आणि डिस्कचा दिवा शांत होईपर्यंतचा वेळ स्वतंत्रपणे लिहून ठेवावा. कोठे किती वेळ जातो हे कळल्यावाचून केलेला उपाय म्हणजे अंधारात मारलेला दगड होय.

पहिल्याच टप्प्यात यंत्र अडून घड्याळ चुकल्याचा संदेश देत असेल, तर आतील नाण्याच्या आकाराचा विद्युत्‌घट संपलेला असण्याचा संभव असतो. तो अल्प खर्चात बदलता येतो.

पडदा आल्यावर विलंब होत असेल, तर आपोआप सुरू होणाऱ्या आज्ञावलींची यादी पाहावी. विंडोज ८ पासून ही यादी टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप विभागात मिळते. निरनिराळे अद्ययावतक, छपाईयंत्राचे सहायक, संभाषणाच्या आज्ञावली यांपैकी रोज न लागणाऱ्या बंद कराव्यात. विषाणुरोधक व्यवस्था मात्र वेगाच्या मोहाने बंद करू नये.

एवढ्याने भागले नाही, तर फिरती डिस्क काढून तिच्या जागी घन-अवस्था साठवण, म्हणजे एसएसडी, बसवावी. तीत फिरणारा भाग नसल्याने वर सांगितलेली प्रतीक्षा जवळजवळ नाहीशी होते. तथापि खरेदीपूर्वी जोडणीचा प्रकार जाणकाराकडून तपासून घ्यावा. काही छोट्या लॅपटॉपमधील जोडणी प्रचलित पद्धतीची नसते. जागा असल्यास मेमरीही वाढवावी.

मर्यादांचे भान

वेग म्हणजे सुरक्षितता नव्हे. विंडोज एक्सपीचा आधार २०१४ साली आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सुरक्षाविषयक दुरुस्त्या न मिळणाऱ्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत. हलक्या लिनक्स प्रणालीचा पर्याय आहे, पण ३२-बिट प्रोसेसरसाठी तोही आकुंचित होत आहे. २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या १३ व्या आवृत्तीत अशा यंत्रांवर नव्याने स्थापना करण्याची सोय राहिली नाही. असे यंत्र महाजालाशी न जोडताही लेखन, टंकलेखनाचा सराव, हिशेब यांसाठी उपयोगी पडू शकते.

सर्व उपाय करूनही यंत्र निरुपयोगीच ठरले, तर ते उकिरड्यावर वा भंगारात जाऊ देऊ नये. देशात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच ते पोहोचावयास हवे. परंतु तो निर्णय घेण्यापूर्वी घड्याळ समोर ठेवून एकदा हिशेब मांडावा. जे यंत्र म्हातारे झाले असे वाटत होते, त्याच्या पाठीवर केवळ अनावश्यक ओझे होते, असे पुष्कळदा आढळून येईल.