डॉक्टरांना बाळूचं सांग

लाखनी,
मंडईचा दुसरा दिवस

चि. सौ. छबीस,

फोनच करणार होते. पण फोनवर तू नुसतं "हो आत्या, हो आत्या" म्हणतेस आणि तुझ्या मागे कोण उभं आहे ते मला कळत नाही. म्हणून पत्र. वाचून झालं की चुलीत टाक.

काल मंडईच्या जत्रेत तुझ्या सासूबाई भेटल्या. दंडार सुरू होती, ढोलकीच्या आवाजात अर्धं ऐकू आलं नाही, पण जेवढं आलं तेवढ्याने रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. "पोट्ट्याच्या त्या नशेच्या गोळ्या आम्ही दसऱ्यापासूनच बंद केल्या. डॉक्टरले कायले सांगाचं?" हे एक. दुसरं त्याहून वाईट. नागपूरच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं म्हणे, घरात कोणी कमी वयात अचानक गेलं का, कोणाला हृदयाचा त्रास होता का. आणि तू "नाही" म्हणालीस. आमच्या सुनेच्या माहेरी सगळे ठणठणीत, असं त्या मला कौतुकाने सांगत होत्या!

छबे, तुझे बाबा, माझा बाळू, एकेचाळिसाव्या वर्षी धानाच्या पुंजण्याजवळ बसल्या जागी गेले. तू सातवीत होतीस. डॉक्टर विचारत होते ते हेच.

मी घाबरट आहे असं म्हणशील. लाखनीच्या मेडिकलवर माझा एक जुना विद्यार्थी बसतो, त्याला तुझ्या गोलूच्या चंचलपणावरच्या गोळीचं नाव सांगून सगळं विचारून घेतलं. मिथाइलफेनिडेट. त्याने आधी एक गंमत सांगितली. १९४४ साली स्वित्झर्लंडच्या एका रसायनशास्त्रज्ञाने ही तयार केली, त्याच्या बायकोचं नाव रीटा, म्हणून औषधाचं नाव पडलं रिटालिन. तिचा दुरुपयोग होऊ शकतो, म्हणून आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात तिची नोंद आहे आणि चिठ्ठीशिवाय ती मिळत नाही. सासूबाईंच्या कानावर एवढंच अर्धं आलं असणार. उरलेलं अर्धं मी तुला सांगते. या गोळीने नाडी थोडी जलद होते, रक्तदाब थोडा वाढतो. बहुतेक लेकरांना त्याने काही होत नाही. पण घरात कोणी तरुणपणी असं अचानक गेलं असेल, तर डॉक्टर आधी ईसीजी काढून घेतात, वाटलं तर हृदयाच्या डॉक्टरांना दाखवतात. तुझ्या एका "नाही"ने ती तपासणीच राहून गेली. सगळं ठीकही निघेल. पण ते त्यांनी ठरवायचं ना बाई, तू कशी ठरवलीस?

आणि गोळी बंद केल्याचं लपवण्यात कोणतं शहाणपण? पुढच्या खेपेला ते विचारतील, फरक आहे का. तू म्हणशील, काही फरक नाही. त्यांना वाटेल मात्रा कमी पडते आणि ते ती वाढवतील. मग कधी घाबरून तू एकदम ती मोठी गोळी सुरू करशील. बी.ए. झालेली बाई तू, हे तुला सुचू नये? जेवत नव्हता, डबा तसाच परत येत होता, रात्री अकरापर्यंत टक्क जागा असायचा, हेच कारण ना बंद करायचं? मग हेच सांगायचं. भूक मरणं, झोप उडणं हे डॉक्टरांना नवीन नाही. सकाळी गोळीच्या आधी पोटभर जेवू घालायचं, संध्याकाळी गोळीचा जोर ओसरला की पुन्हा वाढायचं, वेळ बदलायची, मात्रा कमी करायची, गोळीच बदलायची, असे मार्ग असतात. पण आधी त्यांना कळलं पाहिजे.

रागावले ना तुझ्यावर? रागवायचा हक्क मला नाही, हे लिहिता लिहिताच आठवतंय.

बाळू माझ्या वर्गात होता, चौथीत. मला घरीही बाई म्हणायचा आणि शाळेतही बाई, त्यामुळे मार डबल. अगदी तुझा गोलू. पाटीवर ओळ अर्धी, काना इकडे, मात्रा तिकडे, आणि स्वतः खिडकीपाशी. एकदा त्याला धीर धरवेना म्हणून त्याने सुटीची घंटा वीस मिनिटं आधीच वाजवली. अख्खी शाळा बाहेर पळाली. मी त्याला सर्वांसमोर छडीने बडवलं, हेडमास्तरांना दिसावं म्हणून जरा जास्तच. दुसऱ्या दिवशी शिपाई आला नव्हता, तेव्हा त्यालाच विहिरीवरून पाणी आणून रांजण भरायला लावला. बारा खेपा केल्या असतील. आणि मग पोरगं अर्धा तास गपचूप बसलं, पाढे लिहिले, एक चूक नाही. मी ते पाहिलं. पाहिलं आणि सोडून दिलं, कारण तेव्हा मला शिस्त लावायची होती. आठवीत त्याने शाळा सोडली. एवढ्या हुशार पोराने आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधीत रोवण्या केल्या. असं अंगातलं वारं घराण्यात उतरतं असं डॉक्टर म्हणतात. तेव्हा गोलूचं कोणाकडून आलं हे शोधत सासरच्यांसमोर मान खाली घालू नकोस. माझ्या भावाकडून आलंय, त्याचा हसरा चेहराही त्यासोबतच आलाय.

आता जे आजवर कोणाला बोलले नाही ते लिहिते. तो गेला त्या वर्षी उन्हाळ्यात माझ्याकडे आला होता. ओसरीवर बसून म्हणाला, "बाई, मधीच छातीत फडफड होते, डोळ्यापुढे अंधारी येते." मी म्हणाले, चहा कमी कर. एवढंच. भंडाऱ्याला नेऊन कोणाला दाखवलं असतं तर? तो वाचला असता की नाही, मला माहीत नाही. डॉक्टरांना कोणी सांगितलंच नाही, एवढं माहीत आहे. ही फडफडही डॉक्टरांना सांग, अंधारीही सांग.

आणि तुझ्या लग्नाच्या बोलणीत "तापाने गेले" हे सांगणारी मीच. पोरीच्या स्थळाला खोट लागू नये म्हणून. तू तेव्हा माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि पोह्याच्या बश्या उचलल्यास. डॉक्टरांसमोर सासूबाई शेजारच्या खुर्चीत बसलेल्या असताना तुझ्या तोंडून "नाही" निघालं, ते माझंच खोटं होतं. पंधरा वर्षं ते तू सांभाळलंस. आता पुरे कर. त्यांच्यापाशी मी बोलते, त्यांनी मला काय म्हणायचं ते म्हणू दे. माझं वय झालं, मला आता कोणी काही म्हटलं तर चालतं.

तोवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी पुन्हा सुरू करू नकोस. तारीख लांबची असेल तर आधी फोन करून सगळं सांग. वाटेल तेव्हा १४४१६ वर टेली मानसलाही फोन लावता येतो, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत. आणि गोलूला मारू नकोस, छबे. मला माहीत आहे तू थकतेस. दिवसभर त्याच्या मागे, रात्री शाळेच्या तक्रारी, वरून घरातलं ऐकणं. थकून हात उचलला गेला तर नंतर त्याला जवळ घे. मी बाळूला घेतलं नव्हतं.

नागपूरला कधी जाताय ते कळव. तुम्ही तुमसर रोडला गाडीत बसा, मी इथून भंडाऱ्याची बस धरून वरठीला येते आणि तुमच्याच डब्यात चढते. दवाखान्यात विहीणबाईंना चहाला मी बाहेर नेईन, गोलू डॉक्टरांपाशी असेल, तू निवांत बोल. मुरमुऱ्याचे लाडू करून ठेवलेत, तो गाडीत तरी खाईल. त्याला खिडकीची जागा दे.

तुझी,
आत्या