फीलर गेज आणि .४४ मॅग्नम

भिलाईच्या वैशाली नगरात बसून रिव्हॉल्व्हरने शिकार करायचं म्हटलं, तर ती तुरुंगाची वाट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. आमच्याच छत्तीसगडातल्या कोरियात, देशातले शेवटचे मानले जाणारे तीन चित्ते १९४७ साली तिथल्या राजाने एका रात्रीत मारले. त्यामुळे ती बंद झाली याचं मला वाईट वाटत नाही. पण माझा मुलगा टेक्ससमध्ये असतो आणि तिथे रानडुक्कर म्हणजे शेतकऱ्याचा वैरी. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचा एक अंदाज सांगतो की राज्यात सव्वीस लाखांच्या घरात डुकरं आहेत. मुलाचा एक मित्र शेती करतो, त्याने बोलावलं होतं. मुलाला खिशाला झेपेल अशी मोठ्या बोरची रिव्हॉल्व्हर हवी होती. मी भिलाई स्टील प्लांटच्या मशीन शॉपमधून निवृत्त झालेला, तेव्हा म्हणाला, ‘‘बाबा, तुम्ही चला. यंत्र तुम्ही बघा.’’ त्या खटाटोपातून जे हाती लागलं ते असं.

१. हत्यार कोणाच्या नावावर, हे आधी ठरवा

तिथे खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की २०१९ पासून डुक्कर मारायला शिकारीचा परवाना लागत नाही. मला मात्र लागला! पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस नुसतं हातात धरणंही तिथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना जवळ असला तरच त्यातून सूट मिळते. म्हणून बाहेरच्यांसाठीचा परवाना आधी काढला, मगच रेंजवर मूठ हातात घेतली. खरेदी मुलाने केली, स्वतःसाठी आणि स्वतःच्या नावावर. दुकानातल्या फॉर्मवर ‘खरा खरेदीदार कोण’ हा प्रश्न असतो. दुसऱ्यासाठी घेऊन आपलं नाव घातलं तर तोही गुन्हा.

२. बोर मोठा हवा, सगळ्यात मोठा नको

.४४ मॅग्नम हे काडतूस १९५५ सालचं. एल्मर कीथ नावाच्या काउबॉय-लेखकाने वर्षानुवर्षं लकडा लावला, तेव्हा स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी ते काढलं. नाव .४४ असलं तरी गोळीचा व्यास .४२९ इंच. २४० ग्रेनची, म्हणजे साडेपंधरा ग्रॅमची गोळी सेकंदाला चारशे मीटरच्या आसपास वेगाने सुटते. डुकराला एवढं पुष्कळ झालं. त्याच्या वर .४५४ कॅसूल आहे, .४८० रूगर आहे, २००३ साली आलेलं .५०० स्मिथ अँड वेसन आहे. ती घेणारे बहुतेक जण एक खोका संपवतात आणि रिव्हॉल्व्हर विकायला काढतात, असं दुकानदारच हसत सांगत होता. जुन्या मालाच्या कपाटात ती जवळजवळ नवी दिसतात ती म्हणूनच. स्वस्त मिळाली तरी मी घेऊ देणार नव्हतो. .४४ चा आणखी एक गुण असा की त्यात आखूड, सौम्य .४४ स्पेशलही चालतं. तसंच .४५४ मध्ये १८७३ चं .४५ कोल्ट चालतं, पण .४४ चा बाजार मोठा आणि पुंगळ्या सहज मिळतात.

३. स्वस्तात बसते ती सिंगल ॲक्शन

प्रत्येक वेळी अंगठ्याने घोडा ओढायचा, बाजूच्या झाकणातून एकेक काडतूस भरायचं, रिकामी पुंगळी दांडीने ढकलून काढायची. हळू काम आहे. पण शिकारीत पहिली गोळीच कामाची असते, घाई कशाची? शिवाय यंत्रणा साधी, सुटे भाग कमी, म्हणून किंमत कमी. रूगरची सुपर ब्लॅकहॉक १९५९ पासून बाजारात आहे, जुनीही भरपूर मिळते. त्याच कंपनीची रेडहॉक किंवा स्मिथची मॉडेल २९ या डबल ॲक्शन, अर्थात वरच्या भावाच्या. जुनी रूगर घेताना १९७३ ही सीमारेषा ध्यानात ठेवायची. त्या वर्षापासून घोडा आणि पिन यांच्यामध्ये ट्रान्सफर बार आला. चाप दाबलेला नसेल तर घोड्यावर आघात होऊनही काडतूस उडत नाही, म्हणून सहाही घरं भरता येतात. त्याआधीच्यात पाच भरून घोडा रिकाम्या घरावर ठेवायचा.

४. जुना माल डोळ्यांनी नाही, गेजने बघा

इथे माझी नोकरी कामाला आली. दुकानात गेल्यावर आधी रिव्हॉल्व्हर रिकामी असल्याची खात्री दोघांनी वेगवेगळी केली. मग घोडा अगदी सावकाश मागे ओढायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने सिलिंडरला हलका अटकाव करायचा. घोडा पूर्ण मागे येण्याआधी सिलिंडर ‘टक्’ करून कुलूपबंद झालाच पाहिजे. ही तपासणी सहाही घरांवर करायची, एकावर करून समाधान मानायचं नाही. एक रिव्हॉल्व्हर पाच घरांवर चोख होती, सहाव्यावर घोडा टोकाला गेला तरी सिलिंडर केसभर मागे. नळीच्या तोंडाशी गोळी तिरकी शिरली की शिशाचे तुकडे बाजूला उडतात. ती परत कपाटात गेली.

मग फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या. सिलिंडरचं तोंड आणि नळीची मागची कड यांच्यातली फट ०.१० ते ०.१५ मिलिमीटर असली तर उत्तम, ०.२० च्या पुढे गेली की मी पुढचा नग मागतो. फट सिलिंडर आधी मागे दाबून, मग पुढे दाबून मोजायची. दोन मापांतला फरक म्हणजे सिलिंडरचा मागेपुढे होणारा खेळ. कारखान्यात शाफ्टचा एंड प्ले मोजतो तसंच हे. दुकानदार थोडा चक्रावला, पण गेज बघून त्याने आपणहून दिवा आणून दिला.

त्या दिव्याने नळीच्या मागच्या तोंडाचा शंकू बघितला. तिथे खरखर, भेगा असतील तर नाही म्हणायचं. सिलिंडरच्या वरच्या पट्टीच्या आतल्या बाजूला ज्वाळेने कोरलेली बारीक रेघ दिसते, तिला घाबरायचं कारण नाही. ती थोडी खोल जाऊन थांबते. मला जास्त सांगतात ते स्क्रू. डोकी चेचलेली असतील तर कोणीतरी स्वयंपाकघरातल्या पेचकसाने आत हात घातलेला आहे. निळसर पॉलिश उडालेलं चालेल, उलट त्यावर भाव पाडून मिळतो.

५. वजन हे तुमच्या बाजूचं असतं

हातात हलकी वाटणारी रिव्हॉल्व्हर रेंजवर हाताला झोडपते. साडेसात इंच नळीची सुपर ब्लॅकहॉक सव्वा किलोच्या वर भरते, ते वजनच धक्का खातं. नळी लांब असली की माशी आणि खाच यांच्यातलं अंतर वाढतं, नेमही सुधारतो. सिंगल ॲक्शनची नांगराच्या रुमण्यासारखी मूठ धक्क्याबरोबर तळहातात वर फिरते, ते बरंच. मात्र चापाच्या कोंदणाची मागची बाजू चौकोनी असेल तर मधल्या बोटाचं पेर सोलवटून निघतं, म्हणून ती हातात धरून बघितल्याशिवाय घ्यायची नाही. कानात बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही.

६. खरा खर्च काडतुसांचा

एका .४४ मॅग्नम काडतुसाला डॉलरभर, कधी जास्त लागतो. पन्नासाचा खोका अर्ध्या तासात उडतो. स्वस्त रिव्हॉल्व्हर घेऊन सराव न करणाऱ्यापेक्षा महागडी घेऊन सराव न करणारा जरा बरा, निदान विकताना पैसे तरी वसूल होतात. मुलाने हाताने काडतुसं भरायचं साधं प्रेस घेतलं. महाग वस्तू पितळेची पुंगळी, आणि ती परत परत वापरता येते. टोपी, दारू आणि शिशाची गोळी एवढंच नवीन. पुंगळीतली दारू ग्रेनच्या दशांशावर तोलायची, पुस्तकात दिलेल्या मापाच्या खालून सुरुवात करायची आणि तोलताना फोन दुसऱ्या खोलीत. सरावाला अर्ध्या दमाची काडतुसं भरली की मनगटही शाबूत राहतं आणि चाप दाबताना डोळे मिटायची सवय लागत नाही.

७. अंतर तुमचं, रिव्हॉल्व्हरचं नाही

जेवायच्या कागदी पत्रावळीएवढी थाळी लावायची. ज्या अंतरावरून उभ्याने, टेकू न घेता, प्रत्येक गोळी तिच्यात बसते तेवढीच तुमची शिकारीची मर्यादा. मुलाची चाळीस पावलांवर आली, माझी त्याहून बरीच अलीकडे, आणि तेवढ्या जवळ डुकराला येऊ द्यायचा धीर माझ्यात नाही हे मला ठाऊक होतं. मी मचाणावर दुर्बीण घेऊन बसलो.

८. गोळी कठीण शिशाची, चपट्या तोंडाची

मोठ्या नराच्या खांद्यावर चिवट कूर्चेची ढालच असते. फुलणारी हलकी गोळी तिथेच अडकते. रुंद चपट्या तोंडाची जड गोळी आरपार जाते, रक्ताचा माग सापडतो, जनावर तडफडत राहत नाही.

९. आणि आता इथलं

परत आल्यावर कॉलनीतले दोस्त विचारतात, ‘‘भाऊ, एखादी घेऊन यायची होती.’’ सामान्य माणसाला परदेशातून हत्यार आणणं १९८० च्या दशकापासून जवळजवळ बंद आहे. सवलत आहे ती नामांकित नेमबाजांना. .४५५, ९ मिलिमीटर ही बोर निषिद्ध. परवान्यावर बहुतेकांना मिळते ती .३२. कानपूरच्या कारखान्याची ‘निर्भीक’ २०१४ साली सव्वा लाखाच्या घरात आली, वजन अर्धा किलो. तिच्या गोळीत .४४ मॅग्नमच्या साधारण आठव्या हिश्श्याची ताकद. स्वसंरक्षणाला ठीक, जखमी डुकरासमोर ती काढणं म्हणजे जिवाशी खेळ. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, त्यातलं एक हौसेपायी अडकवू नये.

आमच्या जिल्ह्यातल्या धमध्याकडे शेती असलेले विचारतात त्यांचा प्रश्न खरा आहे, डुकरं उभं धान आडवं करतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ प्रमाणे पिकाला उपद्रव देणारं जनावर मारायची परवानगी मुख्य वन्यजीव संरक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी देऊ शकतो. लेखी, कारण नमूद करून. तोवर कुंपणाला करंट सोडणाऱ्यांच्या नादी लागू नये, त्यात माणसंही मेली आहेत. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढून वनखात्याकडे अर्ज द्यावा आणि पंचनामा होईपर्यंत त्या पट्ट्यात नांगर घालू नये.