एका पाटीचा पाठ

ख्रिस्तमंदिराच्या भिंतीवरील स्मृतिशिला भंडाऱ्याच्या आमच्या विद्यार्थ्यांनीं वाचिल्या असतील: नांव, जन्म, सेवेचीं वर्षें, मृत्यु. आज आपण एका धर्मगुरूची व त्याच्या कन्येची अशी पाटी मनांत लिहूं.

नीळकंठशास्त्री गोरे हे काशीस राहणाऱ्या कोंकणस्थ घराण्यांतले. जन्म १८२५, बाप्तिस्मा जौनपूर येथें १८४८ सालीं, तेव्हांपासून नांव नेहेम्या. 'षड्दर्शनदर्पण' हा त्यांचा ग्रंथ. १८७० सालीं धर्मगुरुपदाची दीक्षा, १८९५ सालीं मुंबईस मृत्यु. येथवर लेखणी अडत नाहीं.

आतां कन्या. लक्ष्मी १८५३ सालीं जन्मली, आणि आई लवकरच वारली. पुढच्याच वर्षीं शास्त्रीबोवा महाराजा दुलीपसिंगाबरोबर विलायतेस गेले. मूल एका युरोपियन कुटुंबांत वाढूं लागलें. १८५७ च्या धामधुमींत तें कुटुंब नागवलें, तेव्हां स्टॉर्स नामक मिशनऱ्यानें तिला सांभाळिलें व पुढें इंग्लंडास नेलें.

पित्यानें असें मूल दुसऱ्याच्या हातीं द्यावें काय? पालकांस हा प्रश्न पडेल, आम्हांसही पडतो. पण धर्मांतर केलेल्या विधुराच्या पाठीशीं त्या काळीं आप्तांपैकीं कोण उभें राहणार? पुढें याच पित्याच्या लेखांनीं पंडिता रमाबाईंचें मन वळविलें, हेंही ध्यानांत असावें.

लक्ष्मी १८८० सालीं परतली. तिनें इंग्रजींत रचिलेलें एक प्रार्थनागीत देशोदेशींच्या मंदिरांत गाइलें गेलें. अलाहाबादेस तिनें कित्येक वर्षें अनाथाश्रम चालविला. ती १९३७ सालीं वारली.

तिच्या नांवापुढें केवळ 'गोरे यांची कन्या' लिहून भागेल काय? विद्यार्थ्यांनीं घरीं वडील मंडळींस विचारून तीन ओळी लिहून आणाव्या.