जो आधी पैसे देतो

घरबसल्या कामाच्या नावाखाली नोंदणी शुल्क किंवा अनामत रक्कम मागणारे आता बहुतेकींना ओळखू येतात. पैसे मागितले की आपण फोन ठेवतो. पण जो आधी पैसे देतो, तोही वेळेवर, त्याच्याबद्दल आपल्याला कुणी सावध केलेलं नसतं. मला असाच एक भेटला होता.

पुण्यात मी एका ट्रॅव्हल कंपनीत बुकिंगचं काम करत होते. साताऱ्याला आल्यावर व्हर्च्युअल असिस्टंट म्हणून काम सुरू केलं. मेल चाळणं, भेटी ठरवणं, तिकिटं काढणं, बिलं बनवणं हे सगळं हातचंच होतं, फक्त साहेब परदेशात. फ्रीलान्स कामाच्या एका साइटवर हा गृहस्थ भेटला आणि पहिल्या आठवड्यातच म्हणाला, ‘इथे नको, टेलिग्रामवर बोलू.’ कामं सोपी होती. दुकानांच्या याद्या करायच्या, फोन नंबर जुळवायचे. पैसे न मागता यायचे.

मग नवं काम निघालं, ‘पेमेंट को-ऑर्डिनेशन’. त्याच्या कंपनीचं भारतात खातं नाही, म्हणून इथल्या ग्राहकांचे पैसे माझ्या खात्यात घ्यायचे, पाच टक्के ठेवायचे आणि उरलेले तो सांगेल त्या खात्यांवर पाठवायचे. कुठल्या ग्राहकाचे पैसे, कुठल्या बिलाचे, असं विचारलं तर उत्तर आलं, ‘एवढे दिवस काम करतोय, विश्वास नाही का?’

माझा मामेभाऊ बँकेत आहे. त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘ताई, हे पैसे कुणाला तरी फसवून काढलेले असतात. त्या माणसानं १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली की पैशाचा माग थेट तुझ्या खात्यावर येतो. खातं गोठवतात, गुन्हा भलत्याच राज्यात नोंदलेला असतो आणि तिथले पोलीस तुला बोलावतात.’ बँकवाले अशा खात्याला म्यूल खातं म्हणतात. अशी खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं ‘म्यूलहंटर’ नावाची प्रणालीही केली आहे. मी नकार कळवला. त्याच रात्री तो गृहस्थ गायब झाला आणि शेवटच्या याद्यांचे पैसे बुडाले.

तेव्हापासून माझा पहिला नियम असा, की माझ्या खात्यात फक्त माझ्या बिलाचे पैसे येतील. ‘चुकून जास्त पाठवले, उरलेले परत करा’ असं कुणी म्हटलं तर ते मी स्वतः दुसऱ्या खात्यावर पाठवत नाही. ज्या मार्गानं आले त्याच मार्गानं परत करायला बँकेला किंवा पेमेंट कंपनीला सांगते. परदेशातून आलेल्या रकमेचं पत्र, म्हणजे ‘फिरा’, मागून ठेवते. प्राप्तिकर भरताना हे उत्पन्न कुठून आलं ते त्यावरून दाखवता येतं.

ओळख साइटवर झाली असेल तर व्यवहारही साइटवरच ठेवावा. अपवर्कसारख्या ठिकाणी ठरावीक रकमेच्या कामाचे पैसे ग्राहक आधी साइटकडे जमा करतो. ते जमा झाल्याचं दिसल्याशिवाय काम सुरू करू नये. थेट ग्राहक असेल तर पहिल्या महिन्यात दर आठवड्याला बिल पाठवावं. अडकलं तरी आठवड्याचंच अडकतं.

ग्राहकाचा पासवर्ड आपण मागू नये, त्यानं दिला तरी घेऊ नये. जीमेलमध्ये दुसऱ्याला आपली मेल वाचायची आणि उत्तरं द्यायची मुभा पासवर्ड न सांगता देता येते. पुढे काही बिनसलं तर ‘हिच्याकडे पासवर्ड होता’ असं कुणी म्हणू शकत नाही.

वेळही लेखी ठरवावी. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात आणि उन्हाळ्यात साडेसहा, कारण मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं बदलतात. ‘संध्याकाळी कधीही’ असं कबूल केलं की ऐन स्वयंपाकाच्या वेळी मीटिंग येते, आणि तीही वर्षातून दोनदा एक तास सरकते. कामांची यादीही लेखी असावी, नाहीतर मेल बघता बघता ग्राहकाच्या मुलांच्या वाढदिवसाची खरेदीही आपल्याकडे येते.

आणि तुमच्या खात्यात असे भलत्याच कुणाचे पैसे आधीच आले असतील तर? पुढे पाठवू नका, खर्चही करू नका. बँकेत लेखी कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्वतःहून तक्रार नोंदवा. टेलिग्रामवरचं बोलणं लाज वाटते म्हणून पुसू नका. कामाचे म्हणून पैसे घेतले, हे दाखवायला तुमच्याकडे तेवढंच असतं; समोरच्यानं त्याच्या बाजूनं पुसायच्या आत स्क्रीनशॉट काढून ठेवा.