पट्टेबहाद्दराचा हात गेला, आता काय?

प्रश्न : मित्रांसोबत मराठेशाहीतली कथा घेऊन ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकून पात्रे वठवायचा खेळ खेळतो, सूत्रधार मीच. गेल्या डावात फासा वाईट पडला आणि एका मित्राच्या पट्टेबहाद्दराचा उजवा हात कायमचा गेला. मित्र नाराज आहे. हात परत द्यावा का?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आधी मित्राशी बोला. २०१४च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’ या खेळाच्या नियमपुस्तकात कायमच्या जखमांचा तक्ता आहे : वीस बाजूंच्या फाशावर एक पडला की डोळा जातो, दोन पडले की हात. पण तो नियम ऐच्छिक आहे. खेळाआधी सगळ्यांनी तो मान्य केला नसेल, तर मित्राची नाराजी रास्त आहे. हात परत द्या.

मान्य केला होता? मग हात गेला तरी पात्र संपत नाही, हे खेळातून दाखवा. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालात शाहिस्तेखानाची बोटे तुटली. १६६६ मध्ये तोच खान बंगालचा सुभेदार होता आणि त्याच्या फौजेने चितगाव जिंकले. हात गेला की तक्ता फक्त वजाबाकी करतो, बेरीज सूत्रधाराने करायची. तुमच्याकडे पैलवानाचे मोडलेले कान पाहून लोक त्याला ओळखतात, मान देतात. तसा दबदबा या पट्टेबहाद्दराला द्या. पोरे त्याच्याकडे पट्टा शिकायला येऊ देत, डावा हात हळूहळू तयार होऊ दे. तुमच्या कथेत जादू असेल तर सातव्या पातळीचा ‘रीजनरेट’ मंत्र तुटलेला हात परत आणतो. त्याचा शोध ही स्वतंत्र मोहीम होईल.

एवढे करूनही मित्राला ते पात्र नकोच असेल, तर त्याला नवे पात्र घेऊ द्या.