मागितलेली मेमरी न मिळाल्यास

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा होय. साधा प्रोग्रॅम कोसळला तर तेवढाच बंद पडतो. कर्नल कोसळला तर सारे यंत्रच थांबते. कर्नललाही आपल्या नोंदींसाठी मेमरी मागावी लागते. ती शिल्लक नसल्यास पत्त्याऐवजी शून्य हाती येते, आणि ते न तपासता तेथे लिहू गेल्यास अनर्थ ओढवतो.

तपासणे सोपे आहे. माघार घेणे अवघड. असे समजा की, एखाद्या ड्रायव्हरने तीनदा मेमरी मागितली व तिसऱ्या वेळी नकार मिळाला. आता दुसरी जागा परत केली पाहिजे, मग पहिली; मध्ये लॉक घेतले असेल तर तेही सोडले पाहिजे. एक पायरी चुकली की ती जागा कायमची अडकून पडते. यासाठी लिनक्समध्ये फंक्शनच्या शेवटी या पायऱ्या उलट क्रमाने लिहितात आणि ‘गोटू’ या आज्ञेने योग्य पायरीवर उडी घेतात. एरवी ही आज्ञा निषिद्ध मानतात. येथे ती शोभून दिसते.

लिनक्समध्ये आणखी एक विलक्षण प्रथा आहे. ज्या मागणीला थांबणे शक्य आहे, ती आठ पानांपर्यंत (सामान्यतः ३२ किलोबाइट) असेल, तर वाटप करणारा विभाग सहसा नकार देतच नाही. तो जागा शोधत राहतो, आणि अखेरीस एखाद्या प्रोग्रॅमचा बळी देतो. ही उदारता घातक ठरू शकते, हे २०१४ मधील चर्चेत स्पष्ट झाले. फाइल सिस्टीमने लॉक धरून मेमरी मागितली, आणि निवडलेला बळी त्याच लॉकची वाट पाहत असला, तर दोघेही जागचे हलत नाहीत. २०१६ मध्ये बळीची मेमरी परस्पर काढून घेणारी योजना आली, तेव्हा हे संकट बरेच ओसरले.

दुसरा तोटा अधिक सूक्ष्म आहे. नकार क्वचितच येत असल्याने माघारीचा मार्ग वर्षानुवर्षे कोणी चालतच नाही, आणि त्यातील चुका तशाच राहतात. याउलट इंटरप्टच्या वेळी थांबणे अशक्य असल्याने तेथील छोट्या मागणीलाही नकार मिळू शकतो. म्हणून २००७ च्या २.६.२० या आवृत्तीत मुद्दाम खोटा नकार देण्याची सोय झाली. कितव्या मागणीला नकार द्यावा, हे आता ठरवता येते. प्रथम पहिल्या मागणीला, मग दुसरीला, असे पुढे सरकत परीक्षक माघारीची प्रत्येक वाट चालून पाहतो.