शाळेच्या आवारात तरवड

पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या भागांतील माळरानावरून जाताना पिवळ्याधमक फुलांचे एक झुडूप तुम्ही नक्कीच पाहिले असेल. तोच तरवड. शास्त्रीय नाव सेना ऑरिक्युलाटा. ‘ऑरिक्युला’ म्हणजे लहानसा कान. पानाच्या देठाशी नीट पहा, कानाच्या पाळीसारखी दोन उपपर्णे दिसतील. पूर्वी याची साल कातडी कमावण्यासाठी वापरीत. गुरे याला सहसा तोंड लावीत नाहीत, ही तर कुंपण नसलेल्या शाळेची मोठीच सोय!

फुलात मध शोधाल तर निराश व्हाल. तेथे मिळतात ते फक्त पराग, आणि तेही सहजासहजी नाही. दहा पुंकेसरांपैकी वरचे तीन वांझ असतात. उरलेल्यांचे परागकोश उभे उकलत नाहीत. त्यांच्या टोकाला बारीक छिद्र असते, मीठदाणीसारखे. काळा भुंगा फुलाला घट्ट पकडून अंगाची थरथर करतो, तेव्हा पराग उडतात. मधमाशीला ही युक्ती साधत नाही.

आता लागवड. वाळलेल्या चपट्या शेंगांतील वीस बिया घ्या. आमच्या पहिल्या खेपेस बिया तशाच पेरल्या आणि महिनाभर रिकाम्या मातीला पाणी घातले! चूक बियांची नव्हती. त्यांचे कठीण आवरण पाणी आत शिरू देत नाही. एखाद्या वळिवाच्या सरीने सगळ्याच उगवल्या, तर पुढच्या कोरड्या पंधरवड्यात सारी रोपे करपतील ना?

म्हणून दहा बिया एका बाजूने काचकागदावर हलकेच घासा. आतला गर दिसू लागताच थांबा. उरलेल्या दहा तशाच ठेवा. दोन्ही गट वेगवेगळ्या पेल्यांत रात्रभर भिजवा. सकाळी कोणत्या पेल्यातील बिया फुगल्या, ते मोजून वहीत लिहा. फुगलेल्या बिया मे महिन्यात खोल पिशव्यांत पेरा, कारण मूळ सरळ खाली जाते. पाऊस स्थिरावला की रोपे उन्हाच्या जागी लावा. पाणी साचणारा खड्डा मात्र टाळा. पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून पाणी पुरे.

पुढे कोवळ्या पानांवर हिरव्या अळ्या दिसतील. औषध फवारू नका! त्यांतूनच फिकट हिरवट-पांढरी फुलपाखरे निघतात. पर्णिकांच्या जोड्यांमध्ये बारीक मधुग्रंथी असतात, त्यांवर मुंग्या येतात. मुंग्यांचा वावर असलेल्या फांदीवर अळ्या अधिक राहतात की कमी? दोन फांद्यांना दोरा बांधा आणि आठवडाभर रोज मोजा.